फ्लाय गळावर फिरते, गोंद लावूनही फिरते: दोष कुठे शोधायचा?

कोकणातल्या खाड्यांवर फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेलं आमिष, घेऊन गरवणारे अजून मोजकेच आहेत. पण जे नव्याने बांधायला बसतात, त्यांच्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच असते. व्हाइसमधून (गळ पकडून ठेवणाऱ्या शिकंज्यातून) काढताना फ्लाय देखणी दिसते. खाडीवर गेल्यावर थोड्या फेकी झाल्या की केसांचा झुबका दांड्याच्या एका कुशीला सरकलेला असतो, डोळे तिरके झालेले असतात आणि ओढताना फ्लाय आडवी होऊन गरगरते. सोबत तंगूसालाही (गरवायच्या नायलॉनच्या दोरीलाही) पीळ पडतो. मग घरी येऊन गोंद लावायचा, पुढच्या वेळी जास्त गोंद लावायचा, त्याच्या पुढच्या वेळी महागातला गोंद आणायचा. फ्लाय फिरायची ती फिरतेच.

माझं ठाम मत आहे की यात गोंदाचा दोष फार क्वचित असतो. दोष असतो पायाच्या दोऱ्यात, म्हणजे दांड्यावर सगळ्यांत आधी घातलेल्या थरात, आणि ताणात. घट्ट बांधलेल्या फ्लायचं आयुष्य गोंद वाढवतो. सैल बांधलेली फ्लाय मात्र त्याच्या जोरावर उभी राहत नाही, कारण गुळगुळीत पोलादावर तो धरतच नाही. फ्लायला पीळ बसला की गोंद दोऱ्यासकट टवका निघावा तसा सुटतो आणि सगळा साज एका पिंडासारखा दांड्याभोवती फिरू लागतो.

पुढचं सगळं क्लाउझर मिनोच्या संदर्भात लिहितो, कारण आपल्याकडे शिकणाऱ्याने पहिली बांधावी अशी फ्लाय तीच. पेनसिल्व्हेनियातल्या बॉब क्लाउझरने ती सस्क्वेहाना नदीतल्या स्मॉलमाउथ बास या माशासाठी बांधली आणि 1987 च्या सुमारास फ्लायने गरवण्यावर लिहिणाऱ्या लेफ्टी क्रेने तिचं नाव पक्कं केलं. सामान अगदी थोडं लागतं: गळ, डंबेलच्या आकाराचे धातूचे डोळे, दोन रंगांचे केस आणि जराशी चमक (चकाकणारे तंतू). बांधताना डोळे दांड्याच्या वरच्या अंगाला येतात. पाण्यात त्या वजनाने फ्लाय उलटी होते आणि गळाचं टोक वर राहतं. आपल्या खाडीत ही फार मोलाची गोष्ट आहे. तळाला कालवं, काठाला कांदळाची मुळं, मध्ये कुणाच्या तरी जुन्या जाळ्याचे तुकडे. टोक वर असेल तर फ्लाय यातून बरीच सुखरूप येते. डोळे थोडे जरी कलंडले तरी टोक बाजूला किंवा खाली जातं, आणि जिताड्याच्या आधी कालवंच गळाला लागतात.

आधी बिघडलेली फ्लाय वाचा

फिरलेली फ्लाय फेकून देऊ नका. ती नेमकी कुठे हरली हे तिच्यावरच दिसतं. आचऱ्याकडचा एक मुलगा मध्यंतरी अशाच फ्लाय घेऊन आला होता. "काका, गोंद बदललो, तरी फिरताच हा." मी म्हटलं, "गोंद ऱ्हवांदे. ती फ्लाय हाड हय." ब्लेडने डोळ्यांखालचे वेढे उभे कापले. साज दोन्ही बाजूंना उघडला आणि आत दांडा लख्ख चमकत होता, दोऱ्याचा एकही वेढा पोलादाला टेकून बसलेला नव्हता. डोळे थेट उघड्या दांड्यावर ठेवून त्यावर आठाचे वेढे मारलेले होते. अशा पायावर कुठलाही गोंद टिकला नसता.

तर बघायचं असं. डोळे, केस, डोकं सगळं एकदम फिरत असेल तर पाया नाही किंवा सैल आहे. नुसते डोळेच डुगडुगत असतील आणि मागचे केस जागेवर असतील तर पाया ठीक, डोळ्यांची बांधणी कच्ची. वेढे शाबूत असताना केस उपटून येत असतील तर झुबका जाड आहे किंवा केस निसरडे आहेत. दोरा नेढ्याकडून उलगडत असेल तर शेवटची गाठ सुटली आहे. एकाच ठिकाणी कापल्यासारखा तुटला असेल तर मासा, कालव किंवा गळाचं टोक, या तिघांपैकी कुणीतरी तो कातरला आहे. तांबोशीचे पुढचे दात चांगलेच तीक्ष्ण असतात. जिताड्याला तसे सुळे नाहीत, पण तोंड आतून कानशीसारखं खरखरीत आणि कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार. त्यामुळे मासा लागल्यावर दोरा कातरला गेला तर ती तुमची चूक धरू नका. मासा न लागताच फिरली तर मात्र व्हाइसपाशी परत यायला हवं.

पाया

नवीन गळावर तेलाचा पातळ थर असतो. स्पिरिटच्या बोळ्याने दांडा पुसून घ्या आणि हात साबणाने धुऊन बसा. डोक्याला खोबरेल लावून तसंच बांधायला बसणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि ते तेल बोटांवाटे दोऱ्यावर, दांड्यावर, केसांवर सगळीकडे जातं. गळ व्हाइसमध्ये नीट आवळा. दांडा आडवा, समतल हवा. नेढ्यावर नखाने टिचकी मारा. गळ ताडकन जागेवर आला तर ठीक. जबड्यात हलला तर पुढे तुम्ही दिलेला सगळा ताण वायाच जाणार आहे. टोक जबड्याच्या आत लपवून गळ धरायची सवय काहींना असते. ती लावून घेऊ नका, टोक दबून नाजूक होतं.

शिकताना 1/0 मापाचा सरळ दांड्याचा स्टेनलेस गळ घ्या, मुस्टॅडचा 34007 चालेल, आणि 210 डेनिअरचा दोरा. डेनिअर म्हणजे 9,000 मीटर दोऱ्याचं ग्रॅममधलं वजन, म्हणजे आकडा मोठा तेवढा दोरा जाड. 70 चा नाजूक दोरा नदीतल्या बारीक फ्लायसाठी असतो, नवख्या हाताला तो सारखा तुटतो. तुटण्याच्या भीतीने माणूस ताण कमी करतो आणि सैलपणा तिथूनच सुरू होतो.

दोऱ्याचं टोक डाव्या हाताने दांड्यावर मागे धरा, उजव्या हाताने त्याच टोकावरून पाच-सहा वेढे मागच्या बाजूला मारा, मग उरलेलं टोक कापा. दोरा स्वतःच्याच खाली दबून बसतो, गाठीची गरज नसते. आता नेढ्यामागची थोडी जागा सोडून बाकापर्यंत वेढ्याला वेढा चिकटवत जा आणि तसंच परत पुढे या. दांड्याचं पोलाद कुठेही दिसता कामा नये. शिकवणारे पुष्कळदा "पाया घाला" एवढंच म्हणून पुढे जातात, पण बोटांनी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं. अंगठा आणि तर्जनीच्या नखांत दोऱ्याचा थर धरा आणि फिरवायचा प्रयत्न करा. थर दांड्यावर जराही सरकला तर उलगडून पुन्हा मारा. इथे पाच मिनिटं गेली तरी चालतील.

ताण किती द्यायचा हे कुणी सांगून कळत नाही, दोरा तोडूनच कळतं. रिकाम्या गळावर दहा-बारा वेढे मारा आणि बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं नळीचं हत्यार) हळूहळू खाली ओढत राहा, दोरा तुटेपर्यंत. तुटण्याच्या आधी नेढ्याकडचं टोक किंचित खाली झुकतं, ते नजरेत साठवा. असं काही वेळा केलं की हाताला अंदाज येतो. बांधताना त्या हद्दीच्या थोडं अलीकडे राहायचं. बॉबिनच्या नळीतून दोरा जोर लावल्यावरच सुटला पाहिजे, नुसत्या वजनाने घरंगळत येत असेल तर तिचे पाय आत दाबून घट्ट करा. दोरा वारंवार नळीपाशीच तुटत असेल तर नळीची कड खराब आहे. कापसाचा बोळा आतून फिरवा, तंतू अडकले की समजा. ती बॉबिन बाजूला ठेवा, घासून नीट करण्यात वेळ घालवू नका.

आणखी एक गोष्ट बांधताना लक्षात येत नाही. वेढे मारता मारता दोऱ्याला पीळ बसतो आणि तो गोल होतो. गोल दोरा दोरीसारखा उंच बसतो, त्याच्या वेढ्यांमध्ये फटी राहतात. पाया घालताना मधूनच बॉबिन लोंबकळू द्या आणि वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. दोरा पट्टीसारखा चपटा पडतो आणि दांड्याला अंगभर चिकटतो. ही दिशा उजव्या हाताने बांधणाऱ्यांसाठी, डावखुऱ्यांनी उलट करावं.

डोळे

तक्रारींमधला मोठा वाटा इथलाच आहे. धातूचे डोळे जड असतात आणि त्यांची मधली दांडी गोल असते. गळाचा दांडाही गोल. गोलावर गोल आडवा ठेवून बांधला की दोघांना टेकायला एक ठिपकाच मिळतो. ओढताना पाण्याचा दाब दोन डोळ्यांवर कधीच सारखा नसतो, तो डोळ्यांना सतत कलंडवत असतो.

यावर आपल्या किनाऱ्यावर घरोघरी सापडणारा उपाय म्हणजे जाड तंगूस. अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीच्या तंगूसाचे दोन छोटे तुकडे घ्या. डोळे जिथे बसणार तिथे, म्हणजे नेढ्यापासून दांड्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, दांड्याच्या डाव्या-उजव्या अंगाला एकेक तुकडा लांबीच्या दिशेने ठेवून बांधून टाका. कापण्याआधी टोकं पकडीने किंचित चेपली तर दोऱ्याला पकड मिळते. आता तिथला आकार गोल न राहता चपटा झाला, आणि चपट्या आकाराभोवती डोळे सहज फिरू शकत नाहीत.

डोळे ठेवा आणि तिरके वेढे मारा: मागच्या अलीकडच्या कोपऱ्यातून पुढच्या पलीकडच्या कोपऱ्यात. असे सात-आठ झाले की उरलेल्या दोन कोपऱ्यांतून तेवढेच. डोळे काटकोनात आलेत का ते वरून बघा, नसतील तर आत्ताच वळवून घ्या. मग ज्याला बहुतेक लोक फाटा देतात ते काम: दोरा आडवा धरून डोळ्यांच्या खाली आणि दांड्याच्या वर, मधल्या फटीत, गोल गोल पाच-सहा आडवे वेढे मारायचे. हे आडवे वेढे आधीच्या सगळ्या तिरक्या वेढ्यांना कमरेत आवळतात. प्रत्येक वेढ्याला ताण पूर्ण द्या. तिरके वेढे आकसून घट्ट होताना डोळ्यांनी दिसतात.

आता डोळ्यांची दोन्ही टोकं चिमटीत धरा आणि नळाची चावी फिरवतो तशी पिळा. हलले तर गोंदाकडे हात नेऊ नका. अजून आडवे वेढे द्या, पुन्हा पिळून बघा. तरीही हलले तर उलगडा. अजिबात हलले नाहीत की मग पातळ सुपरग्लूचा एक थेंब. तो वेढ्यांच्या आत झिरपला पाहिजे, वर साचता कामा नये. दोऱ्याला मेण लावलं असेल तर गोंद आत जात नाही, म्हणून या जागी मेण नको.

केस

अमेरिकेत क्लाउझरला पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शेपटीचे केस लावतात, त्याला बकटेल म्हणतात. ते दुकानातून मिळालं तर वापरावं. पण इथल्या कुठल्याही हरणाचे केस किंवा बगळ्या-खंड्याची पिसं कुणी आणून दिली तरी घेऊ नका, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा त्याबाबत स्पष्ट आहे, आणि कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं. बोकडाचे लांब केस, गावठी कोंबड्याची पिसं आणि होडीच्या दोरीचे विंचरलेले तंतू एवढ्यात आपलं काम उत्तम होतं.

फक्त प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. बकटेलचा बुडाकडचा भाग पोकळ असतो, दोरा आवळला की तो दबतो आणि फुलतो, पकड चांगली मिळते. बोकडाचा केस भरीव आणि गुळगुळीत, त्यात दोरा रुतत नाही. म्हणून झुबका अगदी बारीक घ्या, बुडातली लोकर बारीक फणीने काढून टाका, आणि बांधण्याआधी बुडांना गोंदाचा स्पर्श द्या. दोरीचे तंतू सगळ्यांत निसरडे. ते हव्या त्या लांबीच्या दुप्पट कापा, मधोमध बांधा, पुढचा अर्धा भाग मागे दुमडून त्यावरून पुन्हा वेढे द्या. दुमडलेला तंतू उपटून येऊच शकत नाही.

झुबका जाड घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. तो आवरा. जाड झुबक्यात दोरा फक्त बाहेरच्या केसांना आवळतो, आतले मोकळेच राहतात. शिवाय बोयटाचं पिल्लू पाण्यात जवळजवळ पारदर्शक दिसतं, त्याच्या जागी झाडू ओढून काय उपयोग? हातात घेतलेल्यातले निम्मे केस परत ठेवले की प्रमाण बरोबर येतं.

झुबका दांड्यावर ठेवून पहिलाच वेढा आवळला की दोरा त्याला आपल्यापासून पलीकडे ढकलतो, आणि केस बाजूला सरकतात ते तेव्हाच. पहिले दोन वेढे चिमटीत सैल घ्यायचे: झुबका डाव्या चिमटीत वरच्या अंगाला, जरासा आपल्याकडे कललेला धरा, दोरा चिमटीच्या आतून वर न्या, पलीकडून खाली आणा आणि मग सरळ खाली ओढून आवळा. चिमूट तिसरा वेढा बसेपर्यंत सोडू नका. पांढरे केस डोळ्यांच्या पुढे बांधून डोळ्यांच्या मधून मागे घ्यायचे आणि डोळ्यांमागे पुन्हा बांधायचे. नंतर गळ व्हाइसमध्ये उलटा करून चमक आणि गडद केस फक्त डोळ्यांच्या पुढे.

डोकं आणि शेवटची गाठ

नेढ्यामागे नेढ्याएवढी जागा आधीपासून राखली असेल तर इथे काही अडत नाही. राखली नसेल तर गाठ नेढ्यावर चढते आणि घसरते. साध्या अर्ध्या गाठींवर विसंबू नका. पाच-सहा वेढ्यांची व्हिप फिनिश (दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली दाबणारी गाठ) दोनदा, आणि दोरा कापताना कात्री गाठीला लागणार नाही एवढी काळजी. दोरा खाली आणताना गळाच्या टोकाला घासतो, तिथे एखादा तंतू उसवलेला दिसला तर तो भाग गाठीत येऊ देऊ नका.

पावसाळ्यात बांधत असाल तर

1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, खाडीला लाल पाणी, त्यामुळे बांधायला बसण्याचे दिवस हेच. हवेतल्या ओलाव्याचा मात्र हिशेब ठेवावा लागतो. सुपरग्लू ओलाव्यानेच आळतो, म्हणून जुलैत तो झटकन धरतो आणि जास्त लावला तर भोवती पांढरी भुकटी धरते. दिसायला वाईट, पण त्याने बांधणी बिघडत नाही. नेलपॉलिश किंवा फ्लायच्या डोक्याला लावायचं सिमेंट मात्र दमट हवेत दुधाळ होतं आणि वाळायला वेळ घेतं. फ्लाय रात्रभर तांदळाच्या कोरड्या डब्यात टांगून ठेवली तर सकाळपर्यंत नीट वाळते.

नायलॉनचा दोरा पाणी पितो आणि ओला झाला की थोडा ताणतो. टेबलावर घट्ट वाटलेली फ्लाय खाडीत सैल पडण्याचं हेही एक कारण आहे. पॉलिएस्टरच्या दोऱ्याला हा त्रास जवळजवळ नाही. शिंप्याच्या दुकानातला पॉलिएस्टरचा दोरा वापरायला हरकत नाही, फक्त लव असलेला नको, चकचकीत अखंड तंतूंचा मागा.

खाडीवर नेण्याआधी परीक्षा घ्या. मीठ घातलेल्या पाण्याच्या पेल्यात फ्लाय रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ओली असतानाच डोळे पुन्हा चिमटीत पिळून बघा. मग हातभर तंगूस बांधून बादलीतून ओढा. टोक वर, डोळे समांतर, सरळ रेषेत आली तर घेऊन जा. एका बाजूला कलत असेल तर वरून बघा: डोळे काटकोनात असूनही कलत असेल तर गडद केस एका कुशीला जास्त गेलेत, तेवढेच कापून पुन्हा बांधता येतात.

परतल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि डब्यात घालण्याआधी सावलीत वाळवा. पुढच्या खेपेला निघताना प्रत्येक फ्लायचे डोळे एकदा पिळून बघा. एखादीचे हलायला लागले असतील तर वरून गोंद ओतू नका. ब्लेडने साज उभा कापून काढा, डोळे वेगळे करा, दांडा स्पिरिटने पुसा. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. रुतलं तर तोच गळ परत व्हाइसमध्ये लावा, घसरलं तर आधी बारीक कानशीने धार काढा.